न उसवलेली उशी

१

गादीवाल्यांना एक खोड होती. कुठंही बसायच्या आधी ते बैठक दाबून बघत. बँकेतला साहेब "बसा" म्हणे, दातांचा डॉक्टर "बसा" म्हणे, आणि हे वाकून अंगठा अन् दोन बोटं गादीत रुतवत. आत काय भरलंय याचा अंदाज आल्याशिवाय त्यांचं बूड टेकत नसे. व्याह्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा सोफा दाबून "आत निव्वळ भुसा आहे" असं बोलून बसले. बायकोनं तिथं हसून सावरून घेतलं आणि जिना उतरता उतरता सुनावलं, "एकदा तुमच्या डोक्यात काय भरलंय तेही दाबून बघायला हवं."

अशा माणसाला इस्पितळाच्या बाकावर अख्खी सकाळ आणि अर्धी दुपार बसावं लागलं, आणि त्या दिवशी बाक दाबून बघायचं काही त्यांना सुचलं नाही. आत त्यांच्या बायकोची छाती उघडलेली होती.

हृदयातली एक झडप निकामी झाली होती, ती बदलली. डॉक्टर बाहेर आले, टोपी काढत म्हणाले, "झडप छान बसली. छातीचं हाड तारेनं बांधलंय. आता तिनं श्वास नीट घ्यायचा, खोकायचं, चालायचं. बाकी आमचं काम झालं." गादीवाल्यांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि तो बराच वेळ सोडलाच नाही.

पण त्यांचा जीव खऱ्या अर्थानं भांड्यात पडला तो दुसऱ्या दिवशी. तिच्या तोंडातली नळी काढली होती. आवाज घोगरा, ओठ कोरडे. तिनं डोळे उघडले, नवऱ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "दाढी कुणी करायची? मी?"

गादीवाले बाहेर येऊन व्हरांड्यात रडले. मुलीला फोन लावला. ती परगावी नोकरीला, रजा शिल्लक नाही, रोज जीव टांगलेला. "बोलली," ते म्हणाले. "काय बोलली?" "मला झापलं." पलीकडे मुलगीही रडायला लागली. "म्हणजे आई आली परत," ती म्हणाली.

२

अतिदक्षता विभागातून तिला दोन खाटांच्या खोलीत हलवलं. पलीकडच्या खाटेवर एक मावशी होत्या, पित्ताशय काढलेल्या, बोलायला माणूस मिळेल का म्हणून दाराकडे डोळे लावून बसणाऱ्या. मधे हिरवा पडदा. भिंतीवर पंखा, खिडकीखाली औषधांचं कपाट.

सिस्टर जाडजूड, खणखणीत आवाजाची. तिनं पहिल्याच दिवशी दम भरला. "खोकायचं हं. दुखलं तरी खोकायचं. ही उशी छातीशी गच्च धरायची, दोन्ही हातांनी मिठी मारायची आणि खोकायचं. कफ आत साठला तर फुप्फुसं आखडतील आणि सगळं मुसळ केरात."

गादीवाल्यांचा हात आपोआप उशीकडे गेला. दाबली. चेहरा आंबट झाला.

"ही उशी आहे?"

"मग काय आहे?" सिस्टर.

"कापडात बांधलेली हवा आहे. हिला मिठी मारून काय आधार मिळणार? सिस्टर, मी गादीवाला आहे. माझं आयुष्य गेलं यात."

"तुमच्याकडची आणा मग," सिस्टर हसली. "पण कोरी करकरीत खोळ घालून. बाहेरची घाण मला इथं चालणार नाही."

इथंच ती चूक झाली, आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. दुसऱ्यानं बाजारात जाऊन नवी उशी आणली असती. पण गादीवाल्यांना ठाऊक होतं की नवा कापूस उसळतो. तो दाबला की उलट दाबतो. छातीला टाके असलेल्या माणसाला हवी मुरलेली उशी, कुणाच्या तरी डोक्याखाली वर्षानुवर्षं जाऊन शहाणी झालेली, मिठी मारली की अंगाचा आकार घेणारी.

कारखान्याच्या माळ्यावर एक होती. कुणीतरी पिंजायला टाकली आणि न्यायला आलंच नाही. त्यांनी ती काढली, दाबली, आणि अंगठा असा रुतला की त्यांच्या तोंडून "वा!" निघालं.

"ही कुणाची हो?" त्यांनी मिस्त्रींना विचारलं. मिस्त्री म्हणजे त्यांच्याइतकेच पिकलेले, कापूस पिंजून पिंजून भुवया कायमच्या पांढऱ्या झालेले.

"मी घेतलेली नाही, शेठ. तुम्हीच घेतली असेल."

"मला आठवत नाही."

"मग उसवू का?"

या धंद्यात एक शिस्त असते. बाहेरून आलेली उशी आधी उसवायची, कापूस मोकळा करून बघायचा, मगच नवी खोळ. याला कारणं आहेत. लोक उशीत काय काय ठेवतात! एका गृहस्थांच्या उशीतून सिगारेटची पाकिटं निघाली होती आणि उशी घेऊन आली होती त्यांची बायको. एकीत आजोबांची कवळी निघाली. घरानं ती शोधून शोधून दुसरी केली होती. एकदा तर घराची किल्ली निघाली, आणि ती कुठल्या घराची हे गिऱ्हाइकालाही सांगता येईना. गादीवाल्यांनी एकही उशी न उसवता हातावेगळी केली नव्हती.

पण उसवली की कापूस सुटणार. सुटला की मुरलेपण गेलं. आणि त्यांना नेमकं तेच हवं होतं.

"राहू द्या," ते म्हणाले. "वरून दुसरी खोळ चढवा."

मिस्त्रींनी भुवया उचलल्या, पण खोळ चढवली.

३

पहिल्या दिवशी ती उशी बघून बायको म्हणाली, "कुणाची उचलून आणलीत? आपल्याकडं एवढी मऊ कधी करता तुम्ही?"

"मिठी मार तर खरी."

"तुम्हाला मारायची राहिलीच, आता उशीला मारते." तिनं उशी छातीशी घेतली, चेहरा आवळला आणि खोकली.

खोकला कोरडा, दुखरा, तुटक. त्याच्या मागोमाग आणखी एक खोकला आला. बारीक, दबलेला, जाड पांघरुणाखालून यावा तसा.

गादीवाल्यांनी पडद्याकडे पाहिलं. पलीकडच्या मावशी खोकल्या असतील. पण त्याच क्षणी मावशी पडद्याआडून म्हणाल्या, "दुखतंय का गं फार?" आणि त्यांचा आवाज अगदी स्वच्छ होता.

असेल. भिंतीला आवाज आदळून परत येतो, रिकाम्या गोदामात येतो तसा. गादीवाल्यांनी स्वतःला समजावलं. मग त्यांच्या व्यापारी डोक्यानं लगेच दुसरी बाजू मांडली: खोलीत दोन खाटा, कपाट, पडदा, माणसं. आणि तिच्या छातीशी ही एवढी उशी. कापूस आवाज पितो. तो परत करत नाही. हे त्यांनी स्वतः कितीतरी गिऱ्हाइकांना सांगितलं होतं.

"पुन्हा खोक बरं," ते म्हणाले.

"तुमची हौस काय! दुखतंय मला."

पण खोकली. आणि तो दुसरा आला, थोडा उशिरा, आधीचा ऐकून घेऊन मग केल्यासारखा.

४

तब्येत सुधारत होती, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. तीन गोळ्यांचं ते यंत्र असतं ना, श्वास ओढला की गोळ्या वर जातात, त्यात पहिल्यांदा एक गोळी कशीबशी हलायची. आता तिन्ही वर जाऊन थांबत. जखम कोरडी. ताप नाही. डॉक्टर येत, पाठीला नळी लावून ऐकत, मान हलवत. "फुप्फुसं एकदम मोकळी. या वयात इतक्या लवकर? कमाल आहे बाईंची."

गादीवाले सकाळी येत, तिचे केस विंचरत, चहाचा थर्मास उघडत, दुपारी कारखान्यात एक चक्कर टाकून परत येत. तिला हाताला धरून व्हरांड्यात चालवत. ती एका हातात त्यांचा हात आणि दुसऱ्या हातात उशी घेऊन चाले.

एका सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे केस विंचरले. भांग वाकडा पडला. त्यांनी मुद्दामच थोडा वाकडा पाडला होता, सांगायला हरकत नाही. ती काय बोलते ते त्यांना ऐकायचं होतं. गेल्या दोन-चार दिवसांत ती तसलं काही बोललीच नव्हती.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"आभारी आहे," ती म्हणाली.

गादीवाल्यांच्या हातातला कंगवा तसाच राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द त्यांच्या घरात कुणी कुणाला वापरला नव्हता. घरात आभार मानायला आपण काय सभेला बसलोय?

"अगं, आभारी कसली? भांग बघ कुठं चाललाय."

"छान आहे," ती हसून म्हणाली. हसू चांगलं होतं. पाहुण्यांकडे गेल्यावर हसतात तसं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, आईला काय झालंय? मी म्हटलं पुढच्या आठवड्यात यायला जमत नाही, तर म्हणाली, काही हरकत नाही, काळजी घ्या. घ्या, बाबा! मला अहोजाहो?"

"औषधांची गुंगी असते," गादीवाले म्हणाले.

पलीकडच्या मावशींची घरी जायची वेळ झाली होती. पिशवी भरता भरता त्यांनी गादीवाल्यांना पडद्याआड खुणेनं बोलावलं. "एक विचारू का? राग नका मानू. तुम्ही कारखान्यात जाता ना दुपारचे, तेव्हा हिच्यापाशी कोण येतं?"

"कुणी नाही. का?"

"मग बोलते कुणाशी? काय चिडते हो! अस्सा कान उपटते, मला तर हसूच आलं. 'हा टाका वाकडा', 'हे जाड', 'तुम्हाला कळतं काय'... मी पडदा सारून बघितलं तर ही आपली शांत झोपलेली." मावशी थांबल्या. त्यांचं हसू जरा ओसरलं. "झोपेत बोलत असेल. तोंड मात्र मिटलेलं होतं."

५

त्या दुपारी गादीवाले कारखान्यात गेले नाहीत. पडदा ओढून खुर्चीत बसले. जेवणाच्या गाड्या गेल्या, फरशा पुसून झाल्या, फिनेलचा वास खोलीभर पसरला आणि मजल्यावर ती दुपारची सुस्ती उतरली. बायको उशी कवटाळून झोपली होती.

तिचा श्वास चालला होता. वर, खाली. गादीवाले बघत राहिले. बराच वेळ बघितल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ते तिच्या छातीकडे बघतच नाहीयेत. वर-खाली होत होती ती उशी. अर्थात होणारच, छातीवर ठेवलेली वस्तू छातीबरोबर हलते. पण तिच्या खांद्याचा ताल एक होता आणि उशीचा दुसरा. तिचा हळू, सपाट. उशीचा भराभर, जिवंत, रागावलेल्या माणसाचा असतो तसा.

त्यांनी हलकेच हात पुढे केला आणि उशी दाबली. दोन बोटं, अंगठा.

तिच्या अंगाला लागलेली बाजू गार होती. बाहेरची, खिडकीकडची बाजू गरम.

कापूस ओल धरतो. घामानं धरली असेल, उन्हानं तापली असेल. पण खिडकीत ऊन नव्हतं. त्यांनी एका हातानं उशी तोलली. या हातानं त्यांनी आयुष्यभर कापूस तोलला होता, तराजू नंतर लावायचा, आधी हात. उशी आणली त्यापेक्षा बरीच जड झाली होती. आणि बायको? सकाळी तिला खाटेवरून उठवताना त्यांना वाटून गेलं होतं की आपलीच ताकद वाढलीय.

मग त्यांना आणखी एक कळलं, आणि ते कळल्यावर त्यांनी खुर्चीची कड घट्ट धरली. किती तरी दिवसांत बायको खोकलेली नव्हती. ती नुसती उशी दाबत होती. खोकत होती उशी.

त्यांनी उशी ओढली. सरळ ओढून काढली तिच्या हातांतून.

बायकोनं डोळे उघडले नाहीत. ओरडलीही नाही. तिच्या छातीतून घरघर आली आणि ओठ बघता बघता जांभळे पडायला लागले. बोटाला लावलेला चिमटा पीप पीप करायला लागला. गादीवाल्यांनी घाबरून उशी परत तिच्या कुशीत कोंबली. ओठ लाल झाले. चिमटा गप्प.

सिस्टर धावत आली. "काय झालं, काका?"

"काही नाही," गादीवाले म्हणाले. "उशी घसरली."

ते खाली आवारात जाऊन उभे राहिले. डोकं म्हणत होतं, माणसा, जागरण झालंय तुला, घरी जा, अंघोळ कर. पण जे कळलं ते कळलं होतं. वर खाटेवर जी बरी होत होती ती दिवसेंदिवस रिकामी होत होती. त्यांची बायको, कान उपटणारी, वाकड्या टाक्यावरून घर डोक्यावर घेणारी, ती टिपूस टिपूस करून त्या उशीत झिरपत होती.

६

माणूस धंद्यात मुरलेला असला की वाईट वेळीही त्याचं डोकं मालाच्या अंगानं चालतं. गादीवाल्यांनी ठरवलं, उशी काढायची नाही, बदलायची.

मिस्त्रींकडून त्यांनी हुबेहूब दुसरी करून घेतली. तेच गादीपाटाचं जाड कापड, तीच खोळ, मापही तेच. वजनाला कापूस ठासला. "एवढी जड कुणाला हो?" मिस्त्रींनी विचारलं. गादीवाल्यांनी ती पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर तिला एक्स-रेला न्यायचं होतं. चाकाच्या खुर्चीत बसवताना सिस्टरनं उशी क्षणभर खाटेवर ठेवली आणि पाठ वळवली. तेवढ्यात गादीवाल्यांनी नवी उशी बायकोच्या मांडीवर दिली. बायकोनं ती कवटाळली. त्यांच्याकडे वर बघून हसली, तेच पाहुण्यांचं हसू. ओठ लालच होते. खुर्ची गेली.

गादीवाल्यांनी जुनी उशी उचलली. ती काखेत मारून ते जिन्यात आले. लिफ्ट असल्यामुळं जिन्यात कुणी फिरकत नसे. वळणावर मोठी खिडकी, दुपारचा लख्ख उजेड, खाली रस्त्यावर रिक्षांचे भोंगे. ते पायरीवर बसले. खिशातून दाभण आणि ब्लेड काढलं. त्यांचा बेत साधा होता. आधी उसवायचं. आत काय आहे ते बघायचं. जे त्यांनी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

वरची खोळ त्यांनी सरसर कापली. खाली मूळची जुनी खोळ, पिवळट, चांगल्या कापडाची. शिवण शोधू लागले.

कुठल्याही उशीला एक बाजू शेवटी बंद होते. तीन बाजू मशीनवर, कापूस भरला की चौथी हातानं, आणि शेवटच्या टाक्याची गाठ बाहेर राहते. राहणारच, शिवणारा बाहेर असतो. गादीवाल्यांनी बोटांनी एक कड चाचपली. दुसरी. तिसरी, चौथी. मग उशी खिडकीपाशी नेऊन उजेडात फिरवून पाहिली.

गाठ बाहेर नव्हती. ती कापडाखाली लागत होती, मसुराच्या दाण्याएवढी. टाके आतून घातले होते.

उशी त्यांच्या मांडीवर भराभर वर-खाली होत होती. त्यांनी ब्लेड लावलं. तीन-चार टाके तटातट तुटले. हात जाईल एवढी फट झाली. आतून ऊब आली, ओलसर, तोंडाजवळ तोंड नेल्यावर येते तशी.

त्यांनी हात आत घातला.

कापूस होता. उत्तम कापूस, लांब धाग्याचा, एक सरकी नाही. बोटं, तळवा, मनगट. उशीच्या जाडीपेक्षा हात जास्त आत गेला होता हे त्यांच्या ध्यानात आलं, पण तोवर कापसातून काहीतरी सरकलं आणि त्यांच्या अंगठ्याभोवती मिटलं. लहान. गरम. घट्ट.

"अहो," आतून आवाज आला. "दाबून काय बघताय? मीच आहे."

गादीवाल्यांच्या घशातून एक आवाज निघाला, तो हसण्याचा की रडण्याचा हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. किती दिवसांनी त्यांना कुणी असं बोललं होतं!

"अगं... तू..."

"किती उशीर केलात. आणि दाढी? दाढीचं काय?"

"करतो गं. आत्ता करतो. चल वर, आपण..."

अंगठ्यावरची पकड एकदम आवळली.

"वर नको," आवाज बारीक झाला. "अहो, मला वर नेऊ नका. तिथं ती पडलीय."

त्यांनी फटीतून आत बघायला डोळा लावला. खिडकीचा उजेड तिरपा आत शिरत होता. कापूस, कापूस, आणि कापसाच्या मागं, खूप मागं, एवढीशी ओली चकाकी. ती उजेडाकडे वळली आणि मिटली. पापणी मिटते तशी.

"काका!" वरच्या मजल्यावरून सिस्टरची हाक आली. "गादीवाले काका! धावा!"

७

एक्स-रेहून तिला नुकतंच परत आणलं होतं. खोलीत तीन-चार माणसं होती. प्राणवायूचा मुखवटा तिच्या तोंडावर धरलेला. नवी उशी खाटेखाली पडलेली. बायको अर्धवट उठून बसली होती आणि तिचा चेहरा शाईचा झाला होता. घरघर दारापर्यंत ऐकू येत होती.

"खोकताच येईना तिला," सिस्टर ओरडली. "कफ अडकलाय. खोका बाई, खोका! काका, ती उशी द्या!"

बायकोनं दोन्ही हात पसरले. त्यांच्याकडे नव्हे, उशीकडे.

गादीवाले दारात उभे होते. काखेत उशी, उसवलेल्या फटीवर तळवा दाबलेला. तळव्याला आतून श्वास लागत होता.

"अहो, नको," कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात आतून आलं. "अहो, ऐका ना माझं."

तिनं आयुष्यात कधी विनवणी केली नव्हती. भांडून मिळवलं असेल, रुसून मिळवलं असेल. "ऐका ना" हे तिच्या तोंडी नव्हतं. "अहो" ऐकलं की हीच आपली असं वाटे, आणि "ऐका ना" ऐकलं की ही आपली नव्हेच असं वाटे. समोर खाटेवर जे होतं त्याच्या हातात तिच्या बांगड्या होत्या. तिच्या गळ्यावर तिचा जुना भाजल्याचा डाग होता. ते अंग मरत होतं, चारचौघांसमोर, डोळ्यांदेखत, आणि सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"काका!"

त्यांनी उशी दिली.

बायकोनं ती छातीशी ओढली. गच्च, दोन्ही हातांनी, हाडाची तार करकरेल अशी. आणि खोकली. एकच खोकला. मोठा, स्वच्छ, खोली भरून टाकणारा. त्याच्या मागोमाग दुसरा आला नाही. गादीवाल्यांनी कान देऊन ऐकलं. त्या खोकल्याच्या तळाशी "अहो"मधल्या पहिल्या अर्ध्या अक्षराएवढा आवाज त्यांना ऐकू आला. मग तोही दाबला गेला.

"शाब्बास!" सिस्टर म्हणाली. "शाब्बास बाई! बघा, रंग आला की नाही?"

रंग आला होता. ओठ लाल झाले, श्वास सरळ झाला. बायकोनं मुखवटा स्वतःच्या हातानं बाजूला केला, केस मागे सारले आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"आभारी आहे," ती म्हणाली.

तिनं उशी त्यांच्याकडे परत केली. आता तिला ती नको होती. गादीवाल्यांनी हातात घेतली. तोलली. ती गार होती आणि पिसासारखी हलकी.

८

ती घरी आली. आता सगळं छान आहे. भेटायला येणारा जो तो म्हणतो, काय तेज आलंय वहिनींच्या चेहऱ्यावर, आणि स्वभावही किती निवळला. ती सगळ्यांना पाणी देते, बसा म्हणते, निरोप द्यायला दारापर्यंत जाते. तपासणीला गेलं की डॉक्टर तिचं उदाहरण बाकीच्यांना देतात. घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता असते.

मुलीचा फोन येतो. ती आईशी बोलते, तब्येत विचारते, काय जेवलीस विचारते. मग फोन बाबांकडे येतो आणि मुलगी एवढंच म्हणते, "बाबा, आता आईला द्या ना." म्हणते आणि तिची तीच चपापते. गादीवाले फोन खाली ठेवतात.

दुपारी जेवण झालं की ते कारखान्यात येतात. मागच्या खोलीत पांढरी चादर अंथरतात, त्यावर ती उशी पूर्ण उसवून ठेवलेली आहे. मांडी घालून बसतात आणि कापूस बोटांनी मोकळा करतात. एक एक पुंजका उजेडात धरायचा, धागा धागा सोडवायचा, कानाशी न्यायचा, खाली ठेवायचा. ढीग संपला की पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाइकं पुढं ताटकळतात. मिस्त्रींनी बरेच दिवस काही विचारलं नाही. शेठची बायको मोठ्या दुखण्यातून उठलीय, माणसाला वेळ लागतो.

शेवटी मिस्त्रींना राहवलं नाही. ते दारात येऊन उभे राहिले.

"शेठ, बोटं सोलली तुमची. एवढासा तर कापूस. द्या इकडं, मशीनला घालतो, एका फेऱ्यात मोकळा होईल."

गादीवाल्यांनी दोन्ही हातांनी ढीग पोटाशी ओढला.

"मशीन नको," ते म्हणाले. मग आवाज अगदी खाली आणला, झोपलेल्या माणसाशेजारी आणतात तसा. "लागेल तिला."